टेली-मानस 14416 : देयके थकलेल्या कंत्राटदाराच्या नजरेतून

टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा आहे. 2022-23 च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली आणि 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. 14416 किंवा 1800-891-4416 या क्रमांकावर दिवसाच्या कोणत्याही वेळी, आठवड्याचे सातही दिवस, विनाशुल्क फोन करता येतो. परीक्षेचा ताण असलेले विद्यार्थी, नव्याने आई झालेल्या स्त्रिया, एकटे राहणारे वृद्ध यांना ही सेवा कशी उपयोगी पडते हे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. सरकारी बांधकामे घेणाऱ्या लहान कंत्राटदाराला ती कितपत उपयोगी पडते, याविषयी मात्र काही वाचायला मिळाले नाही. मी स्वतः रस्त्यांची दुरुस्ती, शाळाखोल्या, मोऱ्या आणि गावपातळीवरच्या पाण्याच्या टाक्या अशी कामे घेणारा नोंदणीकृत कंत्राटदार आहे, आणि या सेवेचा उपयोग मी अडचणीच्या काळात केला आहे. म्हणून हे परीक्षण मी त्याच बाजूने लिहीत आहे.

आधी आमच्या व्यवसायातला ताण नेमका कुठून येतो ते सांगणे आवश्यक आहे, कारण बाहेरच्या माणसाला कंत्राटदार म्हटले की गाडी, गॉगल आणि पुढाऱ्यांबरोबरचे फोटो आठवतात. निविदा भरताना बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबतची ठेव, भरावी लागते, काम मिळाले की अनामत आणि गरज पडल्यास बँकेची हमी द्यावी लागते, अंदाजपत्रकापेक्षा फार खालच्या दराने निविदा भरली असेल तर जादा सुरक्षा ठेव वेगळी. कार्यारंभ आदेश हातात पडला की मुकादमाला उचल द्यायची, खडी-वाळूवाल्याला आणि सिमेंटच्या दुकानदाराला शब्द द्यायचा, डिझेलच्या पंपावर खाते उघडायचे आणि काम सुरू करायचे. त्यानंतर मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेल्या कामाच्या सरकारी वहीत, नोंदी होतात, शाखा अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता अशा सह्या होत बिल लेखा शाखेत पोहोचते, आणि तिथे 'निधी आलेला नाही' या तीन शब्दांपाशी थांबते. बिल निघाले तरी त्यातून आयकराची कपात, जीएसटीची कपात, बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीचा एक टक्का उपकर आणि सुरक्षा ठेवीची रक्कम वजा होते. ही ठेव दोषदायित्व कालावधी (कामातल्या दोषांची जबाबदारी आमच्यावर असते तो काळ) संपेपर्यंत, म्हणजे काही कामांत वर्षानुवर्षे, सरकारकडेच राहते, आणि तोपर्यंत रस्त्यावर पडणारा प्रत्येक खड्डा आपल्या खर्चाने बुजवायचा असतो.

जुलै 2022 मध्ये सरकारी कामांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्क्यांवर गेला. जुन्या दराने निविदा भरून काम अर्धवट झालेल्या अनेकांना फरकाच्या रकमेसाठी कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागले. पुढे जलजीवन मिशनची कामे आली. 15 ऑगस्ट 2019 रोजी घोषित झालेल्या या योजनेने गावोगावी नळ पोहोचवण्याचे ध्येय ठेवले, आणि आमच्यासारख्या अनेक लहान माणसांनी आपल्या आवाक्याबाहेरची कामे याच भरवशावर उचलली की केंद्राचा निधी असलेल्या योजनेत पैसा बुडत नाही. पैसा बुडाला नाही हे खरे, पण तो अडकला. 2025 साली राज्यातल्या कंत्राटदार संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा सर्व खात्यांकडची मिळून थकबाकी सुमारे 89 हजार कोटी रुपये असल्याचा त्यांचा दावा होता. हा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो आणि वाचणारा पान उलटतो. ज्याचे त्यात चाळीस लाख आहेत त्याच्या घरी काय चालले असेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

या सगळ्यात सर्वांत जड गोष्ट पैशाची तंगी ही नसते, असे माझे मत आहे. सर्वांत जड गोष्ट म्हणजे ती कुणापुढे बोलता येत नाही. आमचे भांडवल बँकेत कमी आणि बाजारातल्या पतीत जास्त असते. सिमेंटवाला साठ दिवसांच्या उधारीवर माल देतो तो आमच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून. तो चेहरा उतरलेला दिसला, तर दुसऱ्या दिवशी त्याचा मुनीम हिशेब मिटवायला दारात येतो. मुकादमाला कळले की शेठची झोप उडाली आहे, तर तो टोळी घेऊन दुसऱ्या साइटवर जातो. अभियंत्याला सांगावे तर पुढचे काम मिळताना 'याची आर्थिक क्षमता नाही' ही शंका मध्ये येते. सहकारी कंत्राटदाराला सांगावे तर तो मित्र असला तरी पुढच्या निविदेत प्रतिस्पर्धी असतो. पाहुण्यांपैकी दोघांकडून हातउसने घेतलेले असतात आणि घरच्यांनी दागिने आधीच दिलेले असतात. फोनमधला जवळजवळ प्रत्येक क्रमांक एकतर आपण ज्याचे देणे लागतो त्याचा असतो किंवा जो आपले देणे लागतो त्याचा. अशा माणसाला 'मन मोकळे कर, कुणाशी तरी बोल' हा सल्ला देणे सोपे आहे, पण त्याने बोलायचे कुणाशी, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. टेली-मानसचे मूल्यमापन मला याच कसोटीवर करायचे आहे, कारण आमच्या व्यवसायासाठी या सेवेचे सर्वांत मोठे मोल असे आहे की फोनच्या पलीकडचा माणूस या साखळीच्या पूर्णपणे बाहेर असतो.

फोन लावल्यावर ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते आणि भाषा निवडायला सांगितले जाते. ही सेवा 20 भाषांत चालते आणि मराठी त्यांत आहे. निवड केली की कॉल प्रशिक्षित समुपदेशकाकडे जातो. नाव सांगण्याचा आग्रह माझ्याकडे धरला गेला नाही. वय, जिल्हा, घरी कोण असते, झोप कशी आहे, जेवण कसे आहे, अशा साध्या प्रश्नांनी सुरुवात झाली. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे की मध्येच तोडून उपदेश झाला नाही. 'इतरांकडे बघा, त्यांच्यापेक्षा तुमचे बरे आहे' हे वाक्य मी नातेवाइकांकडून इतक्या वेळा ऐकले होते की ते पुन्हा ऐकावे लागले असते तर मी फोन ठेवला असता.

एका टप्प्यावर समुपदेशक ताईंनी शांतपणे आणि सरळ शब्दांत विचारले की जीवन संपवण्याचा विचार मनात येतो का. अनेकांना हा प्रश्न धक्कादायक वाटेल आणि असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात येईल अशी भीतीही वाटेल. पण मानसोपचारातले तज्ज्ञ हे स्पष्टपणे सांगतात की असा प्रश्न विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. उलट ज्याच्या मनात तो घोळत असतो त्याला तो उच्चारण्याची पहिली संधी मिळते, आणि किती तातडीने मदत लागेल हे समोरच्याला ठरवता येते. हा प्रश्न टाळून गोडगोड बोलणारी सेवा मला कमी भरवशाची वाटली असती. माझ्याबाबतीत उत्तर 'नाही' असे होते, पण 'सकाळी उठूच नये असे वाटते' हे वाक्य मी त्या प्रश्नानंतरच बोललो, आणि पुढचे सगळे बोलणे त्या वाक्याभोवती झाले.

समुपदेशकाला बिल, मोजमाप पुस्तक, अनामत यांची माहिती असेल अशी अपेक्षा ठेवू नये आणि ती नसणे हा दोषही मानू नये. मी आपल्या परीने समजावून सांगितले आणि सांगता सांगता मला स्वतःलाच एक गोष्ट दिसली. माझ्यापुढे दोन वेगळे प्रश्न होते. थकलेली रक्कम हा एक, ज्यावर माझे नियंत्रण फार थोडे आहे. दुसरा प्रश्न म्हणजे त्या रकमेमुळे लागलेल्या सवयी : अनोळखी क्रमांकाचा फोन न उचलणे, नंतर ओळखीच्या माणसाचाही न उचलणे, रात्री हिशेबाची वही उघडून तीच बेरीज पुन्हा पुन्हा करणे, संध्याकाळी साइटवरून परस्पर बसायला जाणे, मुलांवर खेकसणे. या दुसऱ्या प्रश्नावर सरकारी निधी येण्याची वाट न पाहता काम करता येते, हे त्या संभाषणातून मला पटले. सल्ला म्हणाल तर साधाच होता : रात्री ठरावीक वेळेनंतर वही बंद ठेवणे, देणेकऱ्यांना टाळण्याऐवजी एकेकाला स्वतःहून फोन करून तारीख सांगणे, पत्नीला आकडा खरा सांगणे, दारू झोपेसाठी घेत असाल तर ती झोप मोडते हे लक्षात घेणे. यांतले काहीही नवे नाही. पण ज्याच्याशी कोणताही व्यवहार नाही अशा माणसाने ते विचारपूर्वक सांगितले की ते कानात शिरते, आणि घरच्यांनी तेच सांगितले की भांडण होते, हा माझा अनुभव आहे.

या सेवेची रचना दोन पातळ्यांची आहे. पहिल्या पातळीवर समुपदेशक असतात आणि गरज वाटल्यास ते दुसऱ्या पातळीवरच्या मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे अथवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवतात. देशभराची मध्यवर्ती जबाबदारी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेकडे आहे आणि तांत्रिक बाजू त्याच शहरातल्या माहिती तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ट्रिपल आयटी बेंगळुरूने सांभाळली आहे. 2025 मध्ये या सेवेने हाताळलेल्या कॉलची संख्या 20 लाखांच्या पुढे गेली. सरकारी सेवा म्हटली की आपण आधी शंका घेतो, आणि आमच्यासारखे ज्यांचे पैसेच सरकारकडे अडकले आहेत ते तर जास्तच घेतात. काही सहकाऱ्यांनी मला प्रामाणिकपणे विचारले की हा फोन नोंदला जाऊन खात्यापर्यंत तर जाणार नाही ना. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 23 ने उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता हा हक्क मानला आहे, आणि मानसिक आरोग्य सेवेचा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोंदणीशी काहीही संबंध नाही. ही भीती बाजूला ठेवावी असे मी सर्वांना आवर्जून सांगतो.

आता मर्यादांकडे वळतो. पहिली मर्यादा फोनची आहे. एका संभाषणाने मन हलके होते, परंतु चिंतेचा किंवा नैराश्याचा आजार खरोखर जडला असेल तर महिनोन्महिने एकाच जाणकार माणसाशी टिकणारा संवाद लागतो आणि कधी कधी औषधेही लागतात. सर्वांसाठी खुल्या असलेल्या अशा कोणत्याही हेल्पलाइनकडून ते काम पूर्ण होऊ शकत नाही. तिचे काम दार उघडून देण्याचे आहे, आणि पुढे जायचे ते जिल्हा रुग्णालयात.

इथे आमच्या व्यवसायाची एक खास अडचण उभी राहते, जी ही सेवा आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असणे कठीण आहे. तालुक्या-जिल्ह्याच्या गावात कंत्राटदाराला सगळे ओळखतात. ज्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाबाहेर त्याने बाकावर बसायचे, त्याच इमारतीच्या छताची दुरुस्ती त्याने केलेली असते, तिथला लिपिक त्याला नावाने हाक मारतो, आणि बाहेर पडेपर्यंत गावात चर्चा सुरू होते. 'डोक्यावर परिणाम झाला' ही अफवा सिमेंटच्या दुकानात पोहोचायला एक दिवस पुरतो. म्हणून माझी ठाम सूचना आहे की ज्याला ही भीती आहे त्याने समुपदेशकाला ती स्पष्ट सांगावी आणि शेजारच्या जिल्ह्यातली सोय विचारावी. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येते. मनोरुग्णालय या नावाला बिचकण्याचे कारण नाही. पण लहान गावातल्या माणसाला त्या फाटकातून आत जाणे किती अवघड वाटते हे मी जाणतो, आणि त्या भीतीची टिंगल करणे मला योग्य वाटत नाही.

दुसरी मर्यादा पैशाची. ही सेवा थकीत रकमेबाबत काहीही करू शकत नाही आणि कर्जाच्या पुनर्रचनेचा किंवा कायद्याचा सल्ला देणे हे तिचे काम नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम 2006 मध्ये 45 दिवसांत पैसे देण्याचे आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देण्याचे बंधन आहे. हे ऐकून कंत्राटदाराच्या आशा वाढतात, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने बांधकामाच्या कंत्राटांना हा कायदा लागू न होण्याची भूमिका घेतली असल्याने तो मार्ग आमच्यापैकी बहुतेकांसाठी अरुंद आहे. म्हणजे ज्या कारणाने मन खचते ते कारण लवकर दूर होण्याची शाश्वती नाही. अशा वेळी मनाला सावरणारी सेवा अपुरी वाटणे स्वाभाविक आहे, आणि 'बिल द्या म्हणजे समुपदेशन लागणार नाही' असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांचा राग मला मान्य आहे. तरीही बिल येईपर्यंत माणूस शाबूत राहिला पाहिजे, म्हणून मी या सेवेला कमी लेखत नाही.

पोटकंत्राटदारांची स्थिती आणखी बिकट असते. मुख्य कंत्राटदाराच्या नावावर काम असते, प्रत्यक्ष खोदाई आणि पाइप टाकण्याचे काम दुसराच करतो, आणि सरकारी कागदावर त्याचे नावही नसते. तो कार्यालयात दाद मागायला गेला तर त्याला विचारले जाते की तुम्ही कोण. ज्याचे कष्ट नोंदले गेले नाहीत त्याचा ताणही कुणी नोंदत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या 1,70,924 आत्महत्यांपैकी 26.4 टक्के रोजंदारीवर काम करणारे आणि 11.4 टक्के स्वयंरोजगार करणारे होते, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा 22,746 म्हणजे सर्वाधिक होता. कंत्राटदार या ढोबळ रकान्यांत कुठेतरी मिसळून जातो. शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारने 2015 मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला, ज्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन खचलेल्या माणसाचा शोध घेतात. आमच्यासाठी कुणी घरी यावे अशी माझी मागणी नाही, परंतु नोंदणीच्या नूतनीकरणाच्या पत्रावर आणि कार्यारंभ आदेशावर 14416 हा क्रमांक छापायला एक रुपयाही लागत नाही. संघटनांनी आंदोलनाच्या निवेदनात देयकांच्या मागणीखाली ही एक ओळ घालावी असे मला मनापासून वाटते.

पर्यायांविषयी थोडक्यात सांगतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशनाची दूरध्वनी सेवा 2012 पासून चालते. खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे सलग उपचार मिळतात, पण ज्याचे घर उधारीवर चालले आहे त्याला प्रत्येक भेटीचे शुल्क जड जाते. आरोग्य विमा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी : 2017 च्या कायद्याच्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण देणे बंधनकारक आहे. आपल्या पॉलिसीत काय आहे हे एजंटाला विचारून घ्यावे. साइटवरच्या कामगारांसाठीही टेली-मानस सोयीची आहे, कारण बिहारचा गवंडी हिंदीत आणि विजयपूरची टोळी कन्नडमध्ये त्याच क्रमांकावर बोलू शकते. मी तो क्रमांक साइटवरच्या शेडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे.

ज्यांना फोन करायचा आहे त्यांच्यासाठी काही सूचना. साइटवरून किंवा गाडीत ड्रायव्हर असताना फोन करू नये. अर्धा तास एकटे राहता येईल अशी जागा निवडावी. सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल तर झोपेपासून करावी, कारण 'मला झोप लागत नाही' हे म्हणायला कुणालाही संकोच वाटत नाही आणि तिथून बाकीचे आपोआप येते. पैशाचा आकडा सांगायचा नसेल तर सांगू नये. आपल्याला पुढच्या उपचारांची गरज आहे का, हे मात्र स्पष्ट विचारावे आणि कुठे जायचे ते लिहून घ्यावे. मार्चअखेरीची बिले, सणासुदीच्या आधी मजुरांचे पगार आणि बँकेच्या हप्त्याची तारीख या आमच्या व्यवसायातल्या कठीण वेळा आहेत. मन अगदी टोकाला जाण्याची वाट न बघता या काळात आधीच फोन केलेला बरा.

पत्नी, भाऊ किंवा मुलगा यांनाही या क्रमांकावर बोलता येते. समोरचा माणूस फोन करायला तयार नसेल, तर त्याच्याशी घरात कसे वागावे आणि कोणत्या गोष्टींकडे लक्ष ठेवावे हे ते विचारू शकतात. आपल्या वस्तू वाटून देणे, कागदपत्रे आवरून दुसऱ्याच्या हाती देणे, अचानक शांत होणे किंवा 'माझ्यानंतर' असे शब्द वारंवार येणे, यांतले काही दिसले तर त्या माणसाला एकटे सोडू नये. धोका त्याच क्षणी असेल तर समुपदेशनाच्या क्रमांकावर थांबू नये, 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात त्याला थेट न्यावे. आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून पोलीस खटला भरतील या भीतीने अनेक कुटुंबे रुग्णालयात जायला उशीर करतात. 2017 च्या कायद्याच्या कलम 115 ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.